कात्री हाताच्या मापाची हवी : डावखुऱ्या व मोठ्या पंजाच्या कारागिरांसाठी

शेरवानी शिवायची असो की साधा पायजमा, शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावीत नाही. छाती, खांदा, बाही, कंबर सगळे टेपने मोजून वहीत उतरवून घेतो. पण ज्या कात्रीने तो आयुष्यभर कापड कापतो, ती त्याच्या स्वतःच्या हाताच्या मापाची आहे की नाही, हे पाहणारा कारागीर क्वचितच भेटतो. उस्तादाने दिली ती घेतली, बाजारात स्वस्त मिळाली ती उचलली, असेच बहुतेक ठिकाणी चालते. ज्याचा हात मध्यम आणि उजवा, त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याचा पंजा मोठा किंवा जो डावखुरा, त्याचे मात्र काम बिघडते, बोटे सुजतात आणि कधी कधी रोजीही जाते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा एक भाचा सतरा-अठरा वर्षांचा असताना कटिंगच्या कामाला लागला. अंगाने धिप्पाड, पंजा रुंद आणि जन्मतः डावखुरा. उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावले की उलट्या हाताने कापशील तर कामातली बरकत जाईल. पोराने उजव्या हाताने कापायला सुरुवात केली, पण रेघ काही सरळ येईना. लपून डाव्या हाताने कापू लागला, तर कापड पात्यांत दुमडू लागले. एका गिऱ्हाइकाचे सुटाचे कापड खराब झाले आणि त्याची भरपाई पोराच्या पगारातून कापली गेली. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “मामू, हात माझा खराब नाही, कैची खराब आहे.” मी त्यालाच रागावलो. म्हटले, त्याच कैचीने बाकीचे दहाजण कापतात, तुलाच ती खराब कशी? पुढे त्याने हे काम सोडले. आज तो टेम्पो चालवतो, अल्लाहच्या मेहेरबानीने घर चालते. पण खरे त्याचेच होते, हे मला फार उशिरा कळले. कात्री त्याच्यासाठी खरोखरच उलटी होती.

डाव्या हाताविषयी गैरसमज

आधी मनातली गाठ सोडवू. खाणे-पिणे उजव्या हाताने करावे ही आपल्याला मिळालेली तालीम आहे आणि ती आपण पाळतोच. पण कात्री, हातोडी, रंधा किंवा सुई कोणत्या हाताने चालवावी हा वेगळा प्रश्न आहे. मी आलिम नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना जरूर विचारावे. मात्र एवढे सर्वांना माहीत असावे की हजरत उमर रजियल्लाहु अन्हु यांचे जे वर्णन इतिहासकारांनी केले आहे, त्यात ते उंच, धिप्पाड आणि दोन्ही हातांनी सारखेच काम करणारे होते असे येते. तेव्हा डाव्या हाताने काम करणाऱ्या पोराला मनहूस समजणे हे आपले अज्ञान आहे.

जगात साधारण दहा माणसांमागे एक डावखुरा असतो. म्हणजे वीस कारागिरांच्या कारखान्यात दोघेजण डावखुरे असण्याचा संभव आहे. ते दिसत नाहीत, कारण त्यांना लहानपणीच मारून-मुटकून उजवे केलेले असते.

कात्री उजवी की डावी, हे कसे ओळखावे

पुष्कळ लोकांना वाटते की कात्रीला कसला उजवा-डावा? उलटी धरली की झाली डावी. हे साफ चूक आहे. घरातली कोणतीही कात्री हातात घ्या आणि टोके आपल्यापासून दूर ठेवून, कापताना धरतो तशी समोर धरा. आता थोडी उघडून पाहा. वरचे पाते उजव्या बाजूला असेल तर ती उजव्या हाताची. आता तीच कात्री फिरवून खालचे पाते वर करा. जे पाते वर आले तेही उजव्याच बाजूला दिसेल. म्हणजे कशीही फिरवा, उजवी ती उजवीच राहते. डाव्या हाताच्या कात्रीत वरचे पाते डाव्या बाजूला असते. ती आरशात पाहिल्यासारखी उलट्या घडणीची असते आणि मुळातच तशी बनवावी लागते.

याने फरक काय पडतो? दोन फरक पडतात.

पहिला कापण्याचा. कात्री म्हणजे दोन सुऱ्या नव्हेत. दोन पाती एकमेकांना घासून गेली तरच कापड कापले जाते. मूठ आवळताना आपला अंगठा नकळत बाहेरच्या बाजूला ढकलतो आणि बोटे तळहाताकडे ओढतात. उजव्या हातात उजवी कात्री असली की या ढकल-ओढीने पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात गेली की हाच जोर उलटा लागतो आणि पाती एकमेकांपासून दूर होतात. मग मधल्या फटीत कापड शिरते, दुमडते, चावल्यासारखे होते. मलमल, शिफॉन, सॅटीन अशा पातळ मालात हे जास्त होते. पाती चिकटून राहावीत म्हणून डावखुरा कारागीर अंगठा मुद्दाम आत ओढून कापायला शिकतो किंवा स्क्रू घट्ट आवळून ठेवतो. दोन्हीमुळे हाताला दुप्पट कष्ट पडतात.

दुसरा फरक नजरेचा. उजव्या हातातल्या उजव्या कात्रीत वरचे पाते उजवीकडे असल्याने खडूची रेघ डोळ्यांसमोर मोकळी दिसते. डाव्या हातात तीच कात्री घेतली की वरचे पाते रेघेच्या आड येते. कारागीर मान वाकडी करून, टेबलावर झुकून रेघ पाहतो. दिवसभर असे वाकून मान आणि पाठ धरते, आणि रेघ एक सूत सुटते ती वेगळीच.

‘दोन्ही हातांची’ कात्री म्हणजे काय

बाजारात अशा कात्र्या मिळतात ज्यांच्या वेष्टनावर ‘दोन्ही हातांसाठी’ असे लिहिलेले असते. भाच्याच्या प्रकरणानंतर बऱ्याच वर्षांनी दुसरा एक डावखुरा मुलगा आमच्याकडे आला, तेव्हा मी मोठ्या हौसेने अशीच कात्री आणली. पैसे वाया गेले. मूठ त्याच्या हातात छान बसली, पण कापड पूर्वीसारखेच दुमडू लागले.

कारण समजून घ्या. कात्रीत दोन गोष्टी उजव्या-डाव्या असतात : मूठ आणि पाती. शिंप्याच्या चांगल्या कात्रीचे अंगठ्याचे कडे उजव्या अंगठ्याच्या उताराप्रमाणे तिरपे घासलेले असते. डावा अंगठा त्यात घातला की कड्याची धार अंगठ्याच्या बुंध्यात रुतते. ‘दोन्ही हातांच्या’ कात्रीत ही कडी दोन्हीकडून सारखी, गोल केलेली असतात, त्यामुळे रुतण्याचा त्रास जातो. पण पाती बहुधा उजव्याच घडणीची ठेवलेली असतात. म्हणजे अर्धा प्रश्न सुटला, अर्धा तसाच राहिला. कागद कापायला, धागे तोडायला किंवा ज्या दुकानात एकच कात्री चारजण वापरतात तिथे ती चालेल. दिवसभर कापड कापणाऱ्या डावखुऱ्या कारागिराला मात्र डाव्या पात्यांचीच कात्री हवी. विकत घेताना वेष्टन वाचू नका, वर सांगितल्याप्रमाणे समोर धरून वरचे पाते कोणत्या बाजूला आहे ते पाहा. मोबाईलवरून मागवीत असाल तर चित्रातही हे दिसते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जो डावखुरा माणूस वीस वर्षे उजव्या कात्रीने कापत आला आहे आणि ज्याचे काम सफाईदार आहे, त्याच्या हातात जबरदस्तीने डावी कात्री देऊ नये. त्याच्या अंगठ्याला उलट्या जोराची सवय झालेली असते, त्यामुळे सुरुवातीला डावी कात्रीच त्याला अवघड वाटते. त्याला चिंध्यांवर काही दिवस हात बसवू द्यावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. नव्या पोराला मात्र पहिल्या दिवसापासून योग्य कात्री द्यावी.

मोठ्या पंजासाठी काय पाहावे

शिंप्याची कात्री इंचावर विकली जाते. 8, 9, 10, 11 आणि 12 इंची हे नेहमीचे माप. पातळ कापडाला 8-9 इंची आणि जाड सुटिंग, खाकी, जीनला 10 ते 12 इंची असा साधा रिवाज आहे. पण हा आकडा कात्रीच्या लांबीचा आहे, मुठीचा नाही. दोन कारखान्यांच्या 10 इंची कात्र्या शेजारी ठेवा, कड्यांच्या मापात चांगलाच फरक दिसेल. मोठ्या हाताच्या माणसाने लांबीइतकेच लक्ष कड्यांकडे द्यावे.

आधी आपला हात मोजा. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावा. सात ते साडेसात इंच हा आपल्याकडे पुरुषांचा सर्वसाधारण हात. आठ इंचांच्या आसपास गेला तर मोठा समजावा. मग चार बोटे जुळवून मधल्या सांध्यावर त्यांची रुंदी मोजा. मोठ्या कात्रीच्या बोटांच्या कड्याची आतली लांबी या रुंदीपेक्षा थोडी जास्त, पाव इंचभर तरी, असावी. बोटे कोंबून बसवावी लागली तर ती कात्री आपली नाही. तर्जनी कड्याच्या बाहेर ठेवून कापण्याची सवय असेल तर तीन बोटांचे माप घ्यावे.

अंगठ्याच्या कड्यात अंगठा सहज जावा, सहज निघावा. तंग कडे दिवसभर अंगठ्याच्या बाजूला दाबत राहिले तर तिथली नस दबते, झिणझिण्या येतात, जागा बधिर होते. घट्टे पडले म्हणजे हात तयार झाला असे आपल्याकडे मानतात. घट्टा ठीक आहे, पण बधिरपणा आला, रात्री हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा सकाळी बोट अडकू लागले, तर ते तयारीचे लक्षण नव्हे. डॉक्टरला दाखवावे. शिंप्याचा हात गेला तर दुकान गेले.

कड्यांना चिंधी गुंडाळण्याची आपली जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे, लोखंड रुतत नाही. पण चिंधीने कडे आतून लहान होते. मोठ्या हाताच्या माणसाने चिंधीची जागा धरूनच कात्री निवडावी. तंग कड्याला वर चिंधी गुंडाळली तर दुखणे वाढते.

याच्या उलट चूकही होते. मोठा हात म्हणून उगाच सर्वांत मोठी 12 इंची घेऊ नये. कडे फार सैल असले की बोटे आत हलतात, कात्री सावरायला मूठ जास्त आवळावी लागते आणि वळणावर, मुंढ्यावर, गळ्यावर हात चुकतो. पातळ माल कापणाऱ्या मोठ्या हाताच्या कारागिराने 8 किंवा 9 इंचीच घ्यावी, मात्र मोठ्या कड्यांची शोधून घ्यावी. मूठ वर वाकवलेली हवी, म्हणजे खालचे पाते टेबलावर सपाट चालते आणि बोटांचे सांधे टेबलाला घासत नाहीत. जाड बोटांच्या माणसाला याचा फायदा सर्वांत जास्त.

दुकानात पारख कशी करावी

आपल्याकडे मेरठच्या कात्रीचे नाव मोठे. हा धंदा तिथे सुमारे साडेतीनशे वर्षांचा मानला जातो, भंगारातल्या पोलादापासून पाते घडवण्याची त्यांची कारागिरी आहे आणि 2013 साली मेरठच्या कात्रीला भौगोलिक मानांकनही मिळाले. ‘दादा ले, पोता बरते’ ही म्हण याच कात्रीवरून सांगतात. परदेशी कात्र्यांमध्ये फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीने 1967 साली प्लॅस्टिकच्या मुठीची कात्री काढली. ती हलकी असल्याने हाताला सोपी जाते. नाव कोणतेही असो, चार गोष्टी स्वतः पाहाव्यात.

एक, कात्री बंद करून उजेडासमोर धरा. पात्यांच्या मध्ये बारीक फट दिसली पाहिजे आणि टोके मात्र जुळली पाहिजेत. पाती थोडी कमानदार असतात म्हणूनच ती कापताना एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी घासत जातात.

दोन, एक कडे धरून कात्री उघडा आणि दुसरे सोडून द्या. ते धाडकन पडले तर स्क्रू सैल आहे, जागीच अडकले तर फार घट्ट. सावकाश येऊन थांबले तर बेताचे.

तीन, दुकानातून फक्त कागद कापून घेऊन येऊ नका. खिशात मलमलीचा तुकडा न्या आणि टोकाने कापून पाहा. बुडाशी तर कोणतीही कात्री कापते, कस टोकाला लागतो.

चार, कात्री हातात घेऊन पाच मिनिटे हवेत चालवा. दुकानदार हसेल, हसू द्या. मोठ्या आणि डाव्या हाताला कुठे टोचते ते पाच मिनिटांत कळते.

कटिंग मशीनवर बटण कुठे आहे?

रेडिमेडच्या कारखान्यांत हल्ली कापडाचे थर उभ्या पात्याच्या विजेच्या मशीनने कापतात. तिथे हाताच्या मापाचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण चूक झाली तर कापडाबरोबर बोटही जाते. मशीन घेताना किंवा नव्या माणसाच्या हाती देताना, ते बंद असताना आणि वायर काढलेली असताना त्याला मूठ धरायला लावा. मूठ न सोडता बंद करण्याचे बटण त्याच्या अंगठ्याला किंवा बोटाला लागते का? डावखुऱ्या माणसाचे बटण पलीकडच्या बाजूला गेले आणि बंद करायला त्याला दुसरा हात पात्यासमोरून न्यावा लागला, तर ते मशीन त्याच्यासाठी धोक्याचे आहे. मोठ्या पंजाच्या माणसाची अडचण वेगळी. बटण मुठीला फार चिकटून असले तर तळहाताचा धक्का लागून ते नकळत चालू होऊ शकते. बटण दोन्ही हातांना पोचणारे, पण मुद्दाम दाबल्याशिवाय न हलणारे असावे.

पात्यासमोरचा दाबपाय हा बोटांचा पहिला रक्षक आहे. तो थराच्या अगदी जवळ खाली आणूनच मशीन चालवावे. पुष्कळ ठिकाणी घाईत तो वरच बांधून ठेवलेला दिसतो. असे करू नये. कापड धरणाऱ्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा घालावा. उजवा कारागीर तो डाव्या हातात घालतो, डावखुऱ्याने उजव्या हातात घातला पाहिजे. हे मोजे बहुधा उलटवून कोणत्याही हातात घालता येतात, पण माप मात्र नीट घ्यावे. अंगठा सोडून तळहाताचा घेर टेपने मोजावा आणि त्यावरून मोजा निवडावा. मोठ्या हातात तंग मोजा बसला की कारागीर तासाभरात तो काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेला मोजा कुणाचे बोट वाचवीत नाही.

धार आणि निगा

डावी कात्री धार लावायला देताना धारवाल्याला स्पष्ट सांगा की ही डावी आहे, धारेचा मूळ उतार तसाच ठेव आणि पात्याची आतली बाजू घासू नकोस. सवयीने तो उजव्यासारखी घासून गेला तर महागाची कात्री एका दिवसात निकामी होते. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये. आठवड्यातून एकदा स्क्रूवर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून पुसून घ्यावी. डाव्या कात्रीच्या मुठीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधावी, म्हणजे घाईत दुसरा कोणी उचलून तिची धार बिघडवणार नाही.

मालकांसाठी दोन शब्द

कारखानदार भाई म्हणतील की एका-दोघांसाठी वेगळी कात्री कोण आणणार? त्यांनी हिशेब करावा. एक सूट बिघडला की त्याच्या कापडाची किंमत एका चांगल्या कात्रीहून जास्त होते. शिकवून तयार केलेला कारागीर सोडून गेला की त्याच्या जागी नवा माणूस तयार करायला वर्ष लागते. आणि जे भाई शिलाईच्या सामानाचा व्यापार करतात, त्यांनी डझन उजव्या कात्र्यांबरोबर एक डावी आणि एक मोठ्या कड्यांची ठेवून पाहावी. विचारणारा गिऱ्हाईक आज दिसत नाही, कारण अशी वस्तू मिळते हेच त्याला ठाऊक नाही.

‘दोन्ही हातांची’ कात्री फसल्यावर मी त्या दुसऱ्या मुलासाठी खऱ्या डाव्या पात्यांची, मोठ्या कड्यांची कात्री मागवली. पहिल्या दिवशी त्याने मलमलीचा तुकडा कापला, कापड न दुमडता सरळ कापत गेले. तो काही बोलला नाही, फक्त कात्रीकडे आणि मग माझ्याकडे पाहून हसला. मला माझा भाचा आठवला.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि चिलखताच्या कड्या मापात जोडण्याचा हुकूम दिला, हे कुरआन शरीफमध्ये आले आहे. ते स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे हदीसमध्ये आले आहे. मला यातून एवढेच समजते की हाताची कमाई पाक आहे आणि हाताच्या कामात माप सांभाळावे लागते. आपण गिऱ्हाइकाचे माप रोज घेतो. आज घरी गेल्यावर टेप काढून आपल्या आणि आपल्या शागीर्दाच्या हाताचेही एकदा घ्यावे. आणि एखादा पोरगा म्हणाला की कैची उलटी आहे, तर रागावण्याआधी ती हातात घेऊन वरचे पाते कोणत्या बाजूला आहे ते पाहावे.